दोन्ही बाजूंनी अर्थिंग

माझं पोट आयुष्यभर बिघाडावर भरलं. सगळं सुरळीत चालू असेल तर आमच्या धंद्यातल्या माणसाला कोणी विचारत नाही. तार तुटली, फांदी लाईनवर टेकली, जमिनीखालची केबल भाजली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे काय घडलं पाहिजे ते आधी ठरवून ठेवणं, एवढंच आमचं काम. बिघडलेला तुकडा ओळखायचा, तो बाकीच्या जाळ्यापासून तोडायचा, आणि तेवढाच तोडायचा. पेणच्या एका आळीतल्या दोषापायी अख्ख्या तालुक्यात अंधार होता कामा नये. हे काम मी रिले, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकरला तोडायला सांगणारी उपकरणं, बनवणाऱ्या आणि तपासणाऱ्या लोकांत राहून केलं. आता निवृत्त होऊन पेणला परत आलो आहे, आणि घरोघरी छतावर सोलर चढू लागल्यापासून मला भलतीच मागणी आली आहे. एसी आणि डीसी एकाच घरात, एकाच गल्लीत नांदणार, त्यात बिघाड झाला तर काय, हे लोक आता विचारू लागलेत.

मी उत्तरं देतो, लोकांना ती माझी वाटतात. खरं तर त्यातलं बरंचसं उसनं आहे. शिक्षणासाठी काढलेलं पतपेढीचं कर्ज मी केव्हाच फेडलं. या दुसऱ्या देण्याची निदान नोंद तरी कुठेतरी असावी, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या आळीत अप्पा राहायचे. वीज मंडळात लाईनमन. खारेपाटातल्या आगरी घरातले, अंगाने किरकोळ, पण खांबावर चढताना त्यांचं वजन कुठे जायचं कोण जाणे. वडील लवकर गेले, त्यानंतर शाळेच्या सुट्टीत मी अप्पांच्या मागे मागे हिंडायचो. दोर आणि हत्यारांची पिशवी धरायची, एवढंच काम. आज कोणी पोराला असं लाईनवर नेलं तर नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. तेव्हा तसं चालायचं.

पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी. तिकडून येणारा वारा मीठ घेऊन येतो आणि ते मीठ खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर बसतं. कोरडं असतं तोवर काही होत नाही. ते ओलं झालं की वीज वाहून नेऊ लागतं, आणि इन्सुलेटरच्या अंगावरून बारीक निळसर ठिणग्या चालू लागतात. मजा अशी, की मुसळधार पाऊस मीठ धुऊन टाकतो. खरी भीती जूनच्या पहिल्या रिपरिपीची आणि पहाटेच्या धुक्याची. गावातली माणसं धो धो पावसात लाईट जाणार म्हणून मेणबत्त्या शोधायची, अप्पा मात्र तेव्हा निवांत जेवायला बसायचे. भुरभुर सुरू झाली की पायात चपला घालून तयार. सबस्टेशनातून निरोप यायचाच, की ब्रेकर धरत नाही.

मग शोध. लाईन मैलोन्‌मैल पसरलेली, त्यात दोष कुठे? अप्पा मधल्या खांबावरचा, लाईन तोडणारा एबी स्विच उघडायला लावत आणि अर्धी लाईन चार्ज करून बघत. धरली, तर दोष पुढच्या अर्ध्यात. मग त्याचंही अर्ध. काही वेळात दोन-तीन खांबांच्या टापूत येऊन ते वर बघत उभे राहत आणि बोट दाखवत. बिघडलेला भाग कमीत कमी करत आणायचा आणि चांगला भाग शक्य तितक्या लवकर चालू करायचा, हे तत्त्व पुढे मला जाडजूड पुस्तकांत भेटलं तेव्हा त्यात मला नवं काही वाटलं नाही. पुस्तकात चिखल नव्हता, इतकाच फरक.

पण अप्पांचं माझ्यावरचं मुख्य देणं आहे ते दुसऱ्या एका प्रसंगाचं. श्रावणाचे दिवस होते. हमरापूर, जोहे, कळवे या बाजूला गणपतीच्या कारखान्यांत तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. मूर्ती वाळायला हव्यात म्हणून पंखे लागतात, रंगाच्या गनसाठी कॉम्प्रेसर लागतो, आणि हवा तर अशी दमट की भिंतीलाही घाम फुटावा. एका खांबावरचा तारा जोडणारा जंपर तुटला होता. अप्पांनी शटडाऊन घेतला, सबस्टेशनाने लाईन बंद असल्याचं कळवलं. तरीही अप्पांनी डिस्चार्ज रॉड काढला आणि ज्या बाजूने पुरवठा येतो त्या बाजूला तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडल्या. मग पलीकडच्या, गावाकडच्या बाजूलाही तेच करायला घेतलं. हाताखालचा मदतनीस कुरकुरला, की तिकडून कुठली वीज येतेय, तिकडे तर नुसते कारखाने. अप्पा काही बोलले नाहीत. गावाकडच्या तारेला रॉड टेकताच चट्‌ असा आवाज आला आणि ठिणगी उडाली.

कोणीतरी भाड्याचा जनरेटर आणून थेट बोर्डात जोडला होता. मेन स्विच उघडायचा राहिला होता. जनरेटरची घरगुती वीज उलट्या वाटेने डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरली. ट्रान्सफॉर्मरला सुलट-उलट कळत नाही. जो बावीस हजारांचे चारशे करतो, तो चारशेचे बावीस हजारही करतो. मेलेली म्हणून जाहीर झालेली तार हजारो व्होल्टनी जिवंत होती. लाईनमन मंडळी याला ‘रिटर्न’ म्हणतात, आणि तो शब्द त्यांच्या घरातल्या बायकांनाही माहीत असतो.

खाली उतरल्यावर अप्पा मला म्हणाले, “वीज कुठून येते ते बघू नको बाला, कुठून येऊ शकते ते बघ.”

मला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला तेव्हा पतपेढीच्या कर्जाला जामीनदार लागत होते. नात्यातल्या सगळ्यांना त्या आठवड्यात एकदम कामं निघाली. अप्पांनी सही केली. त्यांना पगार किती होता हे मला बऱ्याच उशिरा, मी स्वतः पगार घेऊ लागल्यावर कळलं, आणि मग त्या सहीचं वजनही कळलं.

शिकाऊ उमेदवारी रोह्याजवळच्या एका सबस्टेशनात केली. पेणहून नागोठण्यामार्गे एसटी. मुंबई-गोवा रस्ता तेव्हा अरुंद होता, पण निदान तो पूर्ण झालेला होता. रोह्याच्या बाजूला विजेचा इतिहास जुना आहे. मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून खाली घेऊन टाटांचं भिरा वीजगृह १९२७ साली सुरू झालं, त्यावर मुंबई उजळली, आणि त्यासाठी ज्यांची भातशेतं बुडणार होती त्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. ऋणांची यादी करायला बसलं तर पहिलं नाव त्या लोकांचं यायला हवं, त्यांनी दिलं ते खुशीने दिलेलं नव्हतं तरी. भिऱ्यातून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, पुढे ते रोह्याला आणि धाटावच्या कारखान्यांनाही उपयोगी पडतं.

त्या सबस्टेशनात बॅटरीच्या खोलीचं काम एका वयस्कर गृहस्थांकडे होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. आम्लाचे थेंब उडून त्यांच्या सदऱ्याची चाळण झालेली. दोन-दोन व्होल्टचे पंचावन्न सेल ओळीने जोडून ११० व्होल्टचा डीसी. रोज सकाळी प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी बघायची, बाराशेच्या आसपास आहे ना याची वहीत नोंद करायची, पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. मला यार्डातल्या उंच, गुणगुणणाऱ्या गोष्टी बघायच्या होत्या. ही खोली म्हणजे शिक्षा वाटली. चाचांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “बाहेरचा ब्रेकर कशावर ट्रिप होतो, सांग.” मी म्हटलं, रिलेवर. “रिले फक्त सांगतो. लाथ कोण मारतं?”

लाथ बॅटरी मारते. ब्रेकर उघडणाऱ्या ट्रिप कॉइलला लागणारी ताकद या डीसीतून येते, कारण फॉल्ट झाला की एसीचा व्होल्टेज कोसळतो आणि कोसळलेल्या पुरवठ्याच्या भरवशावर बिघाड तोडता येत नाही. म्हणजे एसी-डीसीचा संसार काही आजचा नव्हे. प्रत्येक सबस्टेशनात तो पहिल्यापासून चालू आहे, आणि त्यात राखणदार डीसी आहे. ती बॅटरी मेलेली असेल तर कोट्यवधींचं यार्ड स्वतःला वाचवू शकत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी बॅटरीच्या खोलीला रंग सगळ्यात शेवटी मिळतो.

चाचांच्या पॅनलवर दोन दिवे होते. दोन्ही एकामागोमाग जोडलेले, त्यांचा मधला सांधा जमिनीला. दोन्ही सारखे मंद पेटलेले असले की ठीक. कुठे कंट्रोल केबलचं आवरण उंदराने कुरतडलं आणि धन टोकाची तार लोखंडाला टेकली, की एक दिवा विझे आणि दुसरा लखलखू लागे. बाकी काहीही होत नसे, कारण या डीसीचं कुठलंच टोक मुद्दाम जमिनीला बांधलेलं नसतं. एका ठिकाणी अर्थ झाला तरी करंटला परत यायला वाट नसते. लोक म्हणत, चालतंय ना, उद्या बघू. चाचा त्या दिवशी जेवायला जात नसत. एक-एक फ्यूज काढून दिवे सारखे होतात का बघत, आणि ती तार सापडेपर्यंत कोणाशी बोलत नसत. दुसरा अर्थ झाला की ब्रेकर विनाकारण ट्रिप होऊ शकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे हवा तेव्हा होत नाही. पहिला दोष गप्प असतो म्हणूनच तो शोधायचा, हा चाचांचा धर्म.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी डीसी वितरणाच्या चर्चेत बसलो तेव्हा भांडण याच मुद्द्यावर चाललं होतं. घरांना आणि इमारतींना डीसी द्यायचा तर त्याचं एक टोक जमिनीला बांधायचं की तरंगतं ठेवायचं? बांधलं तर पहिल्याच दोषाला मोठा करंट वाहतो आणि तो लगेच दिसतो, पण पुरवठा जातो. तरंगतं ठेवलं तर पुरवठा चालू राहतो, पण सतत इन्सुलेशनवर नजर ठेवणारं उपकरण लागतं आणि त्याचा इशारा मनावर घेणारा माणूस लागतो. उपकरण बाजारात मिळतं. मी तरंगत्याच्या बाजूने कधीही मत देताना आधी विचारतो, तुमच्याकडे चाचा आहेत का?

तिसरं देणं रेल्वेचं. डीसीचं प्रोटेक्शन म्हणजे काहीतरी परदेशी, नवं, असं बोलणारे तरुण मला भेटतात. मुंबईच्या लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावल्या. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी गेली तेव्हापासून ते एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरचा शेवटचा डीसी जाईपर्यंत. पश्चिम रेल्वेने तो २०१२ मध्येच सोडला होता. आता पेण-रोह्यापर्यंत आणि पुढे कोकणातही सगळं पंचवीस हजार व्होल्ट एसी आहे. पण ती नव्वदेक वर्षं रोज लाखो माणसं ज्याच्या भरवशावर लटकत होती ते डीसीचं प्रोटेक्शन कोणी तरी सांभाळतच होतं ना? ते सांभाळणाऱ्यांतले एक ट्रॅक्शन फोरमन पेणचे जावई. सासुरवाडीला आले की मला पकडून बसत, किंवा मी त्यांना.

त्यांनी मला डीसी ब्रेकरची आर्क चूट दाखवली. संपर्क उघडले की मध्ये आर्क पेटतो, म्हणजे हवाच वाहक होते. तो आर्क चुंबकाच्या जोराने वर ढकलायचा, पट्ट्यांच्या मध्ये ताणून त्याचे तुकडे करायचे. आर्क जितका लांब तितका त्याचा व्होल्टेज जास्त, आणि तो पुरवठ्याच्या वर गेला की करंट उतरून शून्यावर येतो. दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती अजून जास्त मोलाची. भरलेली लोकल सुटताना हजारो अँपिअर ओढते. लांबवर तार तुटून रुळावर पडली तरी साधारण तितकेच अँपिअर वाहतात. मग रिलेने कशाला ट्रिप करायचं आणि कशाला नाही? उत्तर असं, की करंट किती आहे हे बघण्यापेक्षा तो किती वेगाने चढतोय ते बघायचं. गाडीची मोटर टप्प्याटप्प्याने ओढते, फॉल्ट एकदम उसळतो. आज डीसी जाळ्यांवरच्या निबंधांत हीच कल्पना नव्या कपड्यांत फिरताना दिसते. त्यात वाईट काही नाही.

पुस्तकांचं ऋण वेगळं मांडतो. विद्यार्थिदशेत सुनील राव यांच्या जाडजूड पुस्तकावर आम्ही दिवस काढले. पुढे, नोकरीत चांगला मुरल्यावर, नागपूरच्या य. गो. पैठणकर आणि एस. आर. भिडे या दोन प्राध्यापकांचं पॉवर सिस्टिम प्रोटेक्शनवरचं इंग्रजी पुस्तक २००३ मध्ये हाती आलं. देशभरातले विद्यार्थी ते वाचतात. इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे की मला स्वतःच्या अनेक वर्षांच्या सवयींचं कारण त्यात पहिल्यांदा कळलं. या दोघांना मी कधी भेटलो नाही. अरुण फडके यांनाही नाही. ग्वाल्हेरला जन्मलेला, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेला हा माणूस अमेरिकेत गेला आणि रिलेच्या जागी संगणक बसवता येईल या विचाराला त्याने उभं आयुष्य दिलं. १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये त्यांनी आणि जेम्स थॉर्प यांच्या चमूने फेझर मोजणारं जे यंत्र केलं, ते आज जगभरच्या ग्रिडवर बसलेलं आहे. २००८ चं बेंजामिन फ्रँकलिन पदक त्या दोघांना मिळालं. माझ्या उमेदीच्या काळात रिले म्हणजे काचेआडची एक चकती. करंट वाढला की ती फिरे, जास्त वाढला की जास्त वेगाने फिरे, आणि तिचा काटा टेकला की ट्रिप. सुंदर यंत्र. पण ती चकती डीसीवर जागची हलत नाही, कारण तिला फिरवायला बदलता करंट लागतो. ज्या सीटीमधून आपण करंट मोजतो तो सीटीदेखील डीसीपुढे आंधळा. फडक्यांच्या वाटेने संगणक आला नसता तर मिश्र जाळ्याची राखण करायला आमच्याकडे डोळेच नसते.

मूळ अडचण मी अप्पांना एकदा समजावली होती. एसी म्हणजे धरमतरची खाडी, भरती आणि ओहोटीच्या मध्ये पाणी क्षणभर थांबतं, तेव्हा होडी वळवून घ्यायची. पन्नास हर्ट्‌झच्या विजेत असा क्षण सेकंदात शंभरदा येतो आणि ब्रेकर तेव्हाच आर्क विझवून घेतो. डीसी म्हणजे भिऱ्याचं पाणी सुटल्यावरची कुंडलिका. ती थांबत नाही, एकाच दिशेने जाते, आणि तिला थांबवायचं तर आपणच बांध घालायला हवा. अप्पांनी मान हलवली, आणि बांध किती वेळात घालायचा असं विचारलं.

तीच खरी गोची. आजच्या कन्व्हर्टरच्या डीसी बाजूला मोठे कपॅसिटर असतात. डीसी तारा एकमेकींना टेकल्या की पहिल्या मिलिसेकंदातच ते स्वतःला रिकामे करतात. ३८० व्होल्टची केबल धरा, दीडदोनशे मीटर लांब, म्हणजे साधारण १०० मायक्रोहेन्री. फॉल्टचा करंट प्रत्येक मायक्रोसेकंदाला ३.८ अँपिअरने चढतो, म्हणजे एका मिलिसेकंदात चार हजारांच्या जवळ. एसी ब्रेकरला उघडायला दोन ते पाच सायकल, ४० ते १०० मिलिसेकंद लागतात. तोवर कपॅसिटर रिकामे होऊन पुढचा अंक सुरू झालेला असतो. कन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर स्वतःला बंद करतात, पण प्रत्येकाच्या पाठीला एक डायोड जोडलेला असतो आणि डायोडला नाही म्हणता येत नाही. एसी बाजूचा करंट त्या डायोडमधून डीसीच्या फॉल्टला मिळतच राहतो. हा पुन्हा रिटर्नच. फॉल्ट एका घरात आणि त्याला खाऊपिऊ घालतंय शेजारचं.

चंद्रपूरहून पडघ्याला येणारी ५०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. साडेसातशे किलोमीटर लांब, पंधराशे मेगावॉटची. तिथे हा पेच तसा येत नाही. तिची टोकं दोनच, आणि तिचे थायरिस्टर कन्व्हर्टर स्वतःच करंट शून्यावर आणू शकतात. अनेक टोकांच्या जाळ्याला मात्र खरा डीसी ब्रेकर लागतो. एबीबी कंपनीने २०१२ च्या अखेरीस काही मिलिसेकंदांत तोडणारा असा हायब्रिड ब्रेकर केल्याचं जाहीर केलं. चीनमध्ये झांगबेईचं ५०० किलोव्होल्टचं डीसी जाळं २०२० मध्ये अशा ब्रेकरांसह सुरू झालं. म्हणजे विज्ञान झालं आहे. गल्लीतल्या किमतीला ते अजून आलेलं नाही, आणि आमचं भांडण गल्लीतलं आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. टाळेबंदीचे दिवस, त्यात खांब आडवे. जिल्ह्याच्या काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. बाहेरच्या जिल्ह्यांतून लाईनमन आले आणि अनोळखी डोंगरांत खांब उभे करत राहिले. त्यानंतर इकडच्या लोकांच्या मनात घरची वीज असावी ही गोष्ट पक्की बसली. २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली आणि छतं निळी होऊ लागली. मला हे आवडतं. आवडत नाही ते पुढचं.

वडखळजवळच्या एका ओळखीच्या घरी छतावरून खाली येणाऱ्या डीसीच्या डब्यात, कोणी तरी घरगुती एसीचा एमसीबी बसवून दिला होता. एका दुपारी दुरुस्तीसाठी तो पाडला तर आतला आर्क विझेना. डबा वितळला, भिंत काळी झाली, माणसं वाचली. छतावरची तार चारपाचशे व्होल्टची असू शकते, आणि सूर्य काही पाडता येत नाही. शिवाय पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट त्याच्या रोजच्या करंटपेक्षा जेमतेम दहा टक्क्यांनी जास्त असतो, त्यामुळे फ्यूज उडेल या आशेवर राहण्यात अर्थ नाही. त्या घरमालकाने बचत केली होती ती जेवणाच्या एका पार्टीइतकी.

एसी बाजूचीही तऱ्हा ऐका. पाच किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर बॅटरीवर साधारण २२ अँपिअर देतो, अगदी ओढून ताणून त्याच्या दीडपट-दुप्पट. आणि सोळा अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात उडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. महावितरणची वीज चालू असताना स्वयंपाकघरात शॉर्ट झाला तर फक्त स्वयंपाकघराचा एमसीबी उडतो. बॅटरीवर असताना तोच शॉर्ट झाला तर एमसीबी ढिम्म, इन्व्हर्टरच स्वतःला बंद करून घेतो, अख्खं घर अंधारात आणि दोष कुठे ते कळत नाही. मीठ बसलेल्या लाईनवर अप्पा जे अर्ध-अर्ध करत शोधायचे ते आता तुम्हाला घरात करायचं आहे. गळती पकडणाऱ्या आरसीसीबीचीही तऱ्हा अशीच. साध्या आरसीसीबीतून सहा मिलिअँपिअरच्या वर संथ डीसी गळू लागला तर त्याची एसीची गळती ओळखण्याची क्षमताच भरवशाची राहत नाही, म्हणून जिथे डीसी मिसळतो तिथे बी प्रकारचा लागतो. दुकानदार म्हणतो, एवढा महाग कशाला?

लोकांची सर्वांत मोठी तक्रार असते, की सोलर असूनही लाईट गेल्यावर घर बंद का पडतं. मी सांगतो, ते तसंच पडायला हवं. ग्रिड गेली की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत तिच्यापासून तुटायचं, हा नियम खांबावर चढलेल्या माणसासाठी आहे. बॅटरीवाल्या इन्व्हर्टरने आधी घर ग्रिडपासून तोडायचं आणि मगच घर चालवायचं.

अप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मंडळाचं महावितरण झालं त्याच्या आधीच निवृत्त झाले. मध्यंतरी मी त्यांना हा दोन सेकंदांचा नियम सांगितला. त्यांनी विचारलं, “पन्नास घरांत पन्नास मशिनं. सगळी तुटली हे वर चढलेल्याला कोण सांगणार?” अभियंते यावर दळणवळण, सेन्सर, सॉफ्टवेअर असं पुष्कळ काही करत आहेत आणि त्यातलं काही उत्तम आहे. पण आज संध्याकाळी पेणच्या खाडीकाठच्या खांबावर चढणाऱ्या पोराला ते उपलब्ध नाही. त्याच्याकडे टेस्टर आहे, रॉड आहे आणि अप्पांसारख्या कोणी शिकवलं असेल तर सवय आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना विनंती. छतावर सोलर असेल तर डीसी डब्यातला एमसीबी आणि आयसोलेटर डीसीचाच आहे ना, हे त्यावर लिहिलेलं वाचून खात्री करा. धन-ऋण टोकं उलट जोडलेली नाहीत ना, तेही बसवणाऱ्याकडून बघून घ्या. जनरेटर आणणार असाल, गणपतीत तर नक्कीच आणाल, तर चेंजओव्हर स्विचशिवाय बोर्डाला हात लावू देऊ नका. मीटरजवळ ठळक मराठीत पाटी लावा, की या घरात सोलर आणि बॅटरी आहे, आणि ती कुठून बंद होते. गल्लीतल्या लाईनमनला एकदा बोलावून ती जागा दाखवा. आणि तो खांबावर असताना खालून अजून किती वेळ म्हणून ओरडू नका. दोन्ही बाजूंनी अर्थिंग लावायला वेळ लागतो.